आउटबोर्ड इंजिन जोर धरत नाही? टाकीपासून पंख्यापर्यंत दोष कसा शोधायचा

सीझन चालू झाला की मालवण, देवबाग, तारकर्ली काय किंवा वर दापोली-हर्णै, मुरूड काय, सगळीकडे एकच तक्रार असते. इंजिन एका सेल्फला चालू होतं, जेटीवर मस्त चालतं, पण माणसं भरून खाडीच्या तोंडाबाहेर काढलं आणि थ्रॉटल पुढे ढकललं की पाच-दहा मिनिटांत दम जातो. मग मेकॅनिक येतो, आधी प्लग बदलतो, मग इंजेक्टर साफ करतो, मग हाय प्रेशर पंप बदलतो, बिल वाढत जातं आणि शेवटी कळतं की टाकीच्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या भोकात, घाण अडकलेली. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, दोष कुठल्या भागात आहे ते नक्की होईपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. ईएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्या, इंजिनला लोक उगाच घाबरतात. यातले बहुतेक दोष इंजिनच्या बाहेरचेच निघतात, आणि ते शोधायला लॅपटॉप लागत नाही.

हे सगळं पेट्रोलवर चालणाऱ्या, फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाल्या आउटबोर्डबद्दल (होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाबद्दल) आहे, म्हणजे आपल्याकडे डॉल्फिन दाखवायला, स्कुबाला आणि लहान मासेमारी होड्यांना लावतात ती ४० एचपीपासून पुढची इंजिनं. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनचं गणित वेगळं, ते यात धरलेलं नाही.

सुरुवात करण्याआधी

समुद्रात जोर गेला तर पहिलं काम नांगर. हुड नंतर उघडा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती किंवा निवतीच्या खडकांजवळ होडी वाहायला लागली की ती खडकावर जायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे नांगर टाकायचा, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलंय ना ते बघायचं, आणि मग शांतपणे इंजिनकडे वळायचं. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्या खलाशांना पाठ हवा.

दुसरं म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. टाकी किंवा फिल्टर उघडताना बिडी-सिगारेट नाही, बॅटरीची मेन बंद, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. इंजेक्शनच्या हाय प्रेशर लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही प्रेशर असतं, त्यामुळे ती लाइन समुद्रात सोडायचीच नाही, किनाऱ्यावरसुद्धा आधी प्रेशर सोडून, कापड गुंडाळून मगच.

आधी बघा, मग हात लावा

जोर गेला म्हणजे नेमकं काय झालं हे होडी चालवणाऱ्याला नीट सांगता आलं की निम्मं काम होतं. "इंजिन ओढत नाय" एवढ्याने काही कळत नाही. आरपीएम मीटरकडे बघा. आरपीएम वर जातोय आणि होडी मात्र पुढे जात नाही, तर इंजिन ठीक आहे, गडबड पंख्याकडे (प्रोपेलरकडे) आहे. आरपीएम आणि होडी दोन्ही खाली येतायत, तर इंजिनला पेट्रोल, हवा किंवा करंट यातलं काहीतरी कमी पडतंय, नाहीतर पंख्यात काहीतरी गुंडाळलंय.

मग कसं खाली येतं ते बघा. फुल थ्रॉटलला काही मिनिटं बरं चालून हळूहळू ढिलं पडतं आणि वेग कमी केला की परत सावरतं, असं असेल तर जवळजवळ नक्की पेट्रोल कमी पडतंय. एका झटक्यात २००० ते ३००० आरपीएमच्या मध्ये कुठेतरी येऊन अडकतं, आवाज एकसारखा, पण कितीही थ्रॉटल दिलं तरी वर जात नाही, तर ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, इंजिन वाचवायला स्वतःच जोर कापलाय (आकडा कंपनीप्रमाणे बदलतो). आरपीएम सारखा वरखाली, वरखाली होतोय तर लाइनमध्ये हवा येत असेल. आणि इंजिन थरथरतंय, आयडलला पण खडखडतंय, तर एखादा सिलिंडर मेलेला असू शकतो.

हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, मीटर आणि आवाज दोन्ही येतील असा. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी जेटीवर येतो तेव्हा इंजिन हमखास चांगलं चालतं, कारण जेटीवर लोडच नसतो. खालच्या पाण्याच्या जाळीला नळाच्या पाण्याचे मफ (रबरी कप) लावून अंगणात इंजिन कितीही रेज केलं तरी हा दोष दिसत नाही. चाचणी पाण्यात, गिअरमध्ये, लोड घेऊनच करायची, शांत खाडीत, दोन माणसं बरोबर घेऊन, एक स्टिअरिंगवर आणि एक मागे इंजिनपाशी.

पेट्रोल कुठून कुठे जातं

हा रस्ता एकदा डोक्यात बसला की बाकी सोपं आहे. टाकीतून पिकअप नळी, तिथून होज, मग पाणी वेगळं करणारा फिल्टर, प्रायमर बल्ब, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा (काही होड्यांत बल्ब आधी आणि फिल्टर नंतर असतो), मग इंजिनवरचा छोटा फिल्टर, मग लो प्रेशर पंप. हा पंप पेट्रोल ओढून व्हीएसटी नावाच्या छोट्या डब्यात भरतो, त्यात कार्ब्युरेटरसारखा फ्लोट आणि सुई असते. त्या डब्यातून हाय प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप पेट्रोल उचलतो आणि रेलमधून इंजेक्टरला देतो, जास्तीचं रेग्युलेटरमधून परत येतं.

म्हणजे व्हीएसटी ही घरावरच्या टाकीसारखी आहे, खालून पाणी चढायचं कमी झालं तरी वरची टाकी रिकामी होईपर्यंत नळ चालूच राहतो. म्हणूनच इंजिन सुरुवातीला चांगलं चालतं आणि थोड्या वेळाने मरतं. आयडलला पेट्रोल कमी लागतं तेव्हा कुणाला काही कळतच नाही.

बल्ब दाबून बघणे

सगळ्यात कामाची चाचणी हीच आणि फुकट आहे. खाडीत फुल थ्रॉटल द्या, जोर जायला लागला की मागच्या माणसाने प्रायमर बल्ब भराभर दाबायचा. इंजिन लगेच सावरलं, आरपीएम परत चढला, तर हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, ईसीयू हे सगळं तूर्तास निर्दोष. दोष लो प्रेशर पंपात किंवा त्याच्या आधी.

दाबायच्या आधी बल्बकडे बघा मात्र. तो चपटा झाला असेल, आत ओढला गेला असेल, तर अडथळा बल्बच्या आधी टाकीच्या बाजूला आहे. बल्ब गोल आहे पण दाबला की मऊ लागतो, कडक होतच नाही, तर बहुतेक कुठूनतरी हवा येतेय, नाहीतर बल्बचा व्हॉल्व गेलाय. चालू इंजिनवर बल्ब थोडा मऊ असणं नॉर्मल आहे, त्यावरून घाबरायचं नाही. आणि बल्बवरचा बाण इंजिनकडे असला पाहिजे, बसवताना उलटा लावलेला बल्ब पण सापडतो. प्राइम करताना बाण वर करून उभा धरा, आतले व्हॉल्व नीट बसतात.

बल्ब दाबून काहीच फरक पडला नाही तर लगेच हाय प्रेशरवर उडी मारू नका, आधी पुढची चाचणी.

दुसरी टाकी लावणे

२० लिटरची पोर्टेबल टाकी, नवी होज, नवा बल्ब, ताजं पेट्रोल. होडीची टाकी, होज, फिल्टर सगळं बाजूला ठेवून ही सरळ इंजिनला जोडायची आणि परत तीच फुल थ्रॉटलची फेरी मारायची. इंजिन सुरेख चाललं की विषय संपला, दोष होडीत आहे, इंजिनात नाही. असा एक सेट पाच-सहा होडीवाल्यांनी मिळून विकत घेऊन ठेवला तरी चालेल, एका चुकीच्या पंपाच्या किमतीत असे कितीतरी सेट येतील.

दोष होडीत निघाला तर या क्रमाने जा.

व्हेंट आधी. पोर्टेबल टाकी असेल तर झाकणावरचा स्क्रू उघडायला विसरलेलं असतं, हे रोज घडतं. बसवलेल्या टाकीचा व्हेंट होडीच्या बाजूला बाहेर निघतो, तिथे मिठाचा थर बसतो, आणि होडी पावसाळाभर किनाऱ्यावर झाकून ठेवली की कुंभारमाशी नेमकी त्याच भोकात मातीचं घर करते. जोर गेला की टाकीचं झाकण सावकाश उघडा, आत हवा जाताना फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं तर कारण मिळालं.

मग पिकअप नळी आणि तिच्या तोंडावरची जाळी. टाकीत पानाचा तुकडा, सीलच्या टेपचा तुकडा, जुन्या टाकीची खपली काहीही असतं, फुल थ्रॉटलला ते ओढलं जाऊन तोंडावर बसतं आणि इंजिन बंद केलं की परत खाली पडतं. असा दोष माणसाला वेडं करतो. टाकीच्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व असेल तर त्यातली गोळी-स्प्रिंग मिठाने अडकते, तो काढून साफ करा किंवा बदला, पण कायमचा काढून टाकू नका, तो पेट्रोल तळाशी गळू नये म्हणूनच दिलेला असतो.

होज वरून चांगली दिसते पण आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं मिटतं. चार-पाच वर्षं झाली असतील, हाताला कडक किंवा चिकट लागत असेल तर बदला, आणि मरीन ग्रेडचीच घ्या, गाडीच्या दुकानातली स्वस्तातली नको. मोठ्या इंजिनला १० एमएमची लागते, तिथे ८ एमएमची लावून ठेवलेली असेल तर फुल थ्रॉटलला कमी पडणारच.

हवा शोधणं जरा किचकट. ही ओढणारी लाइन आहे, त्यामुळे क्लॅम्प ढिला असला तरी पेट्रोल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. लो प्रेशर पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि बघा, बुडबुडे सारखे येत असतील तर एकेक जोड घट्ट करत जा. कनेक्टरमधली छोटी ओ-रिंग हा नेहमीचा गुन्हेगार. चाचणी झाली की ती नळी काढून टाका, कायम ठेवण्यासारखी ती नसते.

पाणी आणि इथेनॉल

फिल्टरच्या बाउलमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि १०-१५ मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला की पाणी आहे. आपल्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरतं, आणि भरीला इथेनॉल. आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई२० असतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्के दिलेली असते, तुमच्या इंजिनचं मॅन्युअल उघडून बघाच. इथेनॉल पाणी शोषतं, ठराविक प्रमाणापर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळून राहतं, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल दोन्ही एकत्र वेगळे होऊन तळाला बसतात. पिकअप नळी तळातूनच ओढते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन पण कमी झालेला असतो. असं एकदा झालं की कुठलंही औषध टाकून ते परत एक होत नाही, टाकी पूर्ण रिकामी करून पुसूनच काढावी लागते.

दुसरं पेट्रोल आपल्याला मिळत नाही तर करायचं काय? लागेल तेवढंच ताजं भरा, कॅनमध्ये महिनोन्‌महिने साठवू नका, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या आधीच बदला, होज-बल्बवर नजर ठेवा कारण इथेनॉल जुनं रबर खातं. आणि जुन्या टू-स्ट्रोकची सवय असलेल्यांसाठी सांगतो, या इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही आणि केरोसीन तर थेंबभरही नाही.

इंजिनने स्वतःच जोर कापला असेल तर

अलार्म वाजला असेल तर सोपं, पण बझर खाऱ्या हवेने मेलेला असतो तेव्हा काहीच वाजत नाही. चावी ऑन केल्यावर सुरुवातीला बीप येतो का ते बघून ठेवा.

पहिला संशय गरम होण्याचा. मागची पाण्याची धार बघा. धार बारीक असेल तर आधी त्या भोकात पातळ तार घाला, खाडीचा गाळ तिथेच अडकतो. तेवढ्याने सुटली तर ठीक, नाहीतर इंजिन उचलून खालच्या पाण्याच्या जाळीवर प्लॅस्टिक पिशवी चिकटलीय का ते बघा. मग इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. कर्ली किंवा वाशिष्ठीच्या खाडीत ओहोटीला रेती ढवळत जाणाऱ्या होड्यांचा इम्पेलर लवकर झिजतो, त्यामुळे आपल्याकडे तो दर सीझनला बदललेला बरा. तुटलेल्या इम्पेलरची पाती मोजा, एक कमी असेल तर ती वरच्या पॅसेजमध्ये कुठेतरी बसलीय, ती काढल्याशिवाय नवा इम्पेलर लावून उपयोग नाही. थर्मोस्टॅट मिठाने चिकटतो, काढून गरम पाण्यात टाकून बघा, बहुतेक आउटबोर्डचे ५० ते ६० अंश सेल्सियसला उघडायला लागतात. थर्मोस्टॅट काढून तसंच चालवायचं हा जो उपाय सर्रास सांगतात तो करू नका, इंजिन थंड राहतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

दुसरा संशय ऑइलचा. डिपस्टिक बघा, इंजिन उभं आणि सरळ असताना. ऑइल कमी असेल तर भरा, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, इंजिन चालवूच नका. आणि कधीकधी नुसता सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर गंजलेला असतो. इथे मात्र कंपनीच्या टूलवर कोड वाचून घेणं चांगलं, काही इंजिनांत दिवा ठराविक वेळा लुकलुकून कोड देतो, त्याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. कोड एका सेन्सरचं नाव घेतो म्हणजे तोच खराब असं नाही, आधी त्याची वायर आणि प्लग तपासा.

करंट

ईएफआय इंजिनला बॅटरी चांगलीच लागते. व्होल्टेज पडलं की हाय प्रेशर पंप हळू फिरतो, इंजेक्टर उशिरा उघडतात, आणि हुबेहूब पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटतं. मल्टिमीटर लावा, इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. त्यापेक्षा कमी तर चार्जिंग बघा. मीटर ठीक दाखवत असेल तरी टर्मिनल हाताने हलवून बघा, विंग नट थरथरीने ढिले होतात, तिथे नायलॉक नट लावा. मग अर्थ वायर, मग फ्यूज होल्डर, मग मेन रिले. कनेक्टर उघडून हिरवी बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. कोकणात अर्धे इलेक्ट्रिकल दोष या हिरवटपणातच असतात असं माझं ठाम मत आहे.

आता हाय प्रेशरची बाजू

दुसऱ्या टाकीवर पण तोच दोष, बल्ब कडक, व्होल्टेज बरोबर, अलार्म नाही, तेव्हाच इकडे या. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते, पण गुणगुण आली म्हणजे पंप चांगला असं नाही. रेलवर गेज लावा. बऱ्याच इंजिनांत प्रेशर ३५ ते ४५ पीएसआयच्या दरम्यान असतं, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. महत्त्वाचं म्हणजे फुल थ्रॉटलला, जोर जातो त्या क्षणी गेज काय दाखवतं. उभ्या इंजिनवर बरोबर आणि लोडवर पडतंय, तर व्हीएसटीमधला फिल्टर भरलाय किंवा पंप थकलाय. प्रेशर टिकून आहे आणि तरी जोर जातोय, तर पेट्रोलचा नाद सोडा.

व्हीएसटीच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो, तो उघडून निघणारं बाटलीत धरा. पिवळट, वार्निशसारखा वास, गंजाचे कण असं काही निघालं तर डबा खोलून साफ करायलाच हवा, सुई आणि फ्लोट पण तपासा.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक प्रकार होतो. भर दुपारी स्नॉर्कलिंगच्या जागी इंजिन बंद करून तासभर थांबलात आणि परत चालू केलं की थोडा वेळ अडखळतं, कारण हुडाखाली साचलेल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते. बल्ब दाबून, दोन मिनिटं हळू चालवून सुधारत असेल तर काही बदलू नका.

प्लग, कॉइल, इंजेक्टर

सगळे प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते पुठ्ठ्यावर लिहून ओळीने ठेवा. सगळे एकसारखे हलके तपकिरी असतील तर छान. एकच काळा आणि ओला, तर त्या सिलिंडरला ठिणगी नाही, त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा, दोष बरोबर सरकला तर कॉइल गेली. एकच पांढरा, तर त्याचा इंजेक्टर कमी सोडतोय. एकच अगदी धुतल्यासारखा स्वच्छ, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, गॅस्केटपर्यंत जावं लागेल.

मेलेला सिलिंडर शोधायला आयडलवर एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा, ज्याचा काढला तरी आवाज बदलत नाही तो मेलेला. कॉइलची हाय टेन्शन वायर ओढून बघायची जुनी पद्धत इथे नको, झटका बसतो आणि ईसीयू पण जळू शकतो. सगळं करून उत्तर नाही मिळालं तर कॉम्प्रेशन बघा, आकडा किती यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं.

पंखा, तळ आणि केबल

खरं तर हे पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन उचला, पंख्याच्या मागे नायलॉनचं जाळं, मासेमारीची तंगूस गुंडाळलीय का ते बघा. तंगूस आत शाफ्टच्या सीलपर्यंत जाते, पंखा काढूनच साफ करा. पंख्याचा आतला रबर हब सटकतोय का कळायला हब आणि पंखा दोन्हींवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा, फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर हब गेला.

होडी पाण्यातच उभी असेल तर तळाला शिंपलं-शेवाळ धरतं आणि तेवढ्यानेच चांगलं इंजिन आजारी वाटायला लागतं. माणसं किती भरली ते पण बघा. फुल लोडवर इंजिन मॅन्युअलमधल्या आरपीएमपर्यंत, बहुतेकांचा ५००० ते ६०००, पोचलंच पाहिजे. नाही पोचलं आणि बाकी सगळं ठीक आहे, तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे नेणारा) पंखा लावा, एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो.

आणि हुड काढून, इंजिन बंद ठेवून, कुणालातरी लिव्हर पूर्ण पुढे करायला सांगा. थ्रॉटल प्लेट पूर्ण उघडते का? केबल गंजून ताणली गेली की पाऊण उघडते आणि आपण महिनाभर पेट्रोलच्या मागे फिरत बसतो.

मे अखेरीला इंजिन ठेवताना

वरचे निम्मे दोष पावसाळ्याच्या मुक्कामात तयार होतात. जून ते ऑगस्ट इंजिन उभं राहणार, तर शेवटच्या फेरीच्या आधी पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाका आणि ते व्हीएसटीपर्यंत पोचेल एवढं, दहा-पंधरा मिनिटं, चालवा. गोड्या पाण्याने फ्लश करा. व्हीएसटीचा ड्रेन उघडून रिकामा करा. पोर्टेबल टाकी पूर्ण रिकामी, बॅटरी काढून घरी, महिन्यातून एकदा चार्ज. व्हेंटच्या तोंडावर बारीक जाळी बांधा, ती हवा अडवत नाही आणि कुंभारमाशीला आत जाऊ देत नाही. इंजिन उभं ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. ऑइल जुनं असेल तर ते पण आत्ताच बदला, सप्टेंबरची वाट बघत आम्लट ऑइल तीन महिने बेअरिंगवर बसवून ठेवायचं नाही.

पहिल्या फेरीला नवा फिल्टर, ताजं पेट्रोल, आणि पहिले दोन दिवस जेटीच्या टप्प्यातच फिरा. टाकीचा तळ ढवळून वर येतो तो याच दोन दिवसांत, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिल्टरचा बाउल परत एकदा बाटलीत रिकामा करून बघा. थर दिसला तर माणसं घेऊन बाहेर जायचं नाही.